आधी उत्तर देणारा फोन आणि बरोबर उत्तर देणारा फोन : सत्तरीतल्या काजू बागायतींच्या नोंदीचं प्रकरण

नऊ बागायती अंजुणे धरणाच्या पाण्यात दिसत होत्या. काजूची झाडं, वई, खोपी सगळं डोंगरउतारावर जिथल्या तिथे होतं. नकाशावर मात्र नऊच्या नऊ ठिपके जलाशयात, जवळजवळ एकमेकांवर चढलेले.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या काजू उत्पादकांचा एक छोटा गट सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या तयारीला लागला होता. प्रत्येक बागायतीचे अक्षांश-रेखांश, जमेल तिथे हद्दीचे कोपरे, झाडांचा अंदाज आणि फोटो एवढं फोनवरच्या फॉर्ममध्ये भरायचं होतं. कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलांनी हे काम अंगावर घेतलं. केरीहून चोर्ला घाट चढायला लागलं की वरच्या अंगाला जे उतार आहेत, तिथल्या एका वाड्यावरच्या या नऊ बागायती. पाऊस नुकताच उघडला होता, रान पानांनी गच्च होतं. मुलांनी दिवसभर चढ-उतार करून नोंदी घेतल्या आणि संध्याकाळी तक्ता नकाशावर टाकला.

गटाचं फोन-संगणकाचं काम मी बघतो, म्हणून तो तक्ता माझ्याकडे आला. सोबत मुलांचा निष्कर्षही आला होता: "दादा, एका फोनची चिप अगदीच भिकार आहे, लोकेशनच घेत नाही. दुसरा भारी आहे, बटण दाबलं की लगेच घेतो. पण नकाशा का चुकला कळत नाही." नकाशा का चुकला याचं उत्तर त्यांच्या पहिल्या दोन वाक्यांतच होतं.

हे नीट शोधून काढणं मला गरजेचं वाटलं, त्याला कारण सत्तरीच्या जमिनींचं आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमीन-नोंदीच्या कागदावर, नाव नाही, पण आजोबा-पणजोबांपासून तोच उतार राखत आलेत, अशी कितीतरी घरं इथे आहेत. अशा घरात कोणत्याही कागदावर आपली जागा चुकीची पडली की पोटात गोळा येतो. त्या वाड्यावरच्या एका काकींना मुलांनी फोनवर नकाशा दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाबू, माझ्या काजी पाण्यात दाखवल्यास तर उद्या कोणीही म्हणेल, हिची बागायत होतीच कुठे?" त्यांची भीती अजिबात अवाजवी नव्हती.

दोन फोन

एक फोन मुलांपैकी एकाचा स्वतःचा, मधल्या किमतीचा, अलीकडचा, दोन फ्रिक्वेन्सींवर उपग्रह ऐकणारा. त्याला पहिला म्हणू. दुसरा गटाचा, स्वस्तातला, एकाच फ्रिक्वेन्सीचा, सिम नसलेला. फोटो काढायलाच वापरला जाई. सकाळी मुलांनी गटाचा फोन काढला. काजूखाली उभं राहून बराच वेळ वाट पाहिली, स्क्रीनवर गोल फिरतच राहिला. कंटाळून तो पिशवीत टाकला आणि पुढचा सगळा दिवस पहिल्या फोनवर काढला.

तक्त्यात अचूकतेचा एक रकाना असतो. फॉर्म भरताना तो दिसत नव्हता, पण फोन त्यात गुपचूप आकडा लिहीत होता. आदल्या आठवड्यात वाळपईच्या बाजूला घेतलेल्या नोंदींसमोर ५, ८, ६ असे आकडे होते. या नऊ नोंदींसमोर १८००, १८००, २१००. मीटरमध्ये.

म्हणजे फोन खोटं बोलला नव्हता. अँड्रॉइड हा आकडा देतो तो एका वर्तुळाच्या त्रिज्येचा असतो, आणि खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के धरलेली असते. साध्या भाषेत, तीनपैकी दोन वेळा आत, एक वेळ बाहेर. वाडा त्या वर्तुळात होताच. फक्त वर्तुळाचा मध्य पाण्यात होता आणि नकाशा मध्यच दाखवतो.

हा मध्य आला कुठून? फोनकडे 'मी कुठे आहे' हे सांगण्याचे तीन रस्ते असतात: उपग्रह, आसपासचे वायफाय आणि मोबाइलचा टॉवर. ॲपने विचारलं की यंत्रणा जे आधी हाती लागेल ते देते आणि मागून सुधारत जाते. वाड्यावर वायफाय नाही. लांबच्या कुठल्यातरी टॉवरची एखादी दांडी येत-जात होती. त्या टॉवरच्या व्याप्तीवरून काढलेला अंदाज काही क्षणांत आला, फॉर्मने तोच उचलला आणि नोंद बंद केली. पहिल्या फोनची चांगली चिप या नऊ नोंदींत वापरलीच गेली नाही. तिला उपग्रह धरायला अजून थोडा अवधी दिला असता तर उत्तर आलं असतं. 'बटण दाबलं की लगेच' याला मुलं चिपचा गुण समजली. खरं तर तेवढ्या घाईने आलेलं उत्तर चिपचं नाही, हीच त्याची खूण होती.

गटाच्या फोनला काय झालं होतं

हा भाग जरा सावकाश बघण्यासारखा आहे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून १५७५.४२ मेगाहर्ट्झवर सतत बोलत असतात. जमिनीवर पोचेपर्यंत त्यांचा आवाज इतका क्षीण होतो की तो विद्युत-गोंगाटाच्याही खाली असतो. चिप तो ऐकू शकते, कारण प्रत्येक उपग्रहाचा स्वतःचा ठरलेला कोड असतो, १०२३ तुकड्यांचा, दर मिलिसेकंदाला पुन्हा तोच. कोड माहीत असल्यामुळे चिप हजारो आवर्तनांची बेरीज करून त्याला गोंगाटातून वर काढते.

पण नुसता कोड सापडून भागत नाही. उपग्रह या क्षणी आकाशात नेमका कुठे आहे हेही लागतं, आणि ते तो त्याच लहरीवर सेकंदाला अवघ्या ५० बिटांच्या वेगाने सांगतो. स्वतःच्या कक्षेची अचूक माहिती, तिला इफेमेरिस म्हणतात, सांगायला १८ सेकंद लागतात आणि ती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी, म्हणजे आलमनाक, पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं. आलमनाक म्हणजे बसस्टँडवरच्या भिंतीवर लावलेलं कदंबाच्या गाड्यांचं वेळापत्रक. इफेमेरिस म्हणजे ती गाडी आत्ता कुठल्या वळणावर आहे ही खबर.

हे बिट वाचायला लागणारा सिग्नल, नुसता कोड धरून ठेवायला लागणाऱ्या सिग्नलपेक्षा १० डेसिबलहून जास्त, म्हणजे दहापटीहून जास्त, ताकदवान असावा लागतो. या एका फरकावर हे सगळं प्रकरण उभं आहे. गर्द काजूखाली सिग्नल कोडापुरता पोचतो, पण अठरा सेकंद सलग वाचण्याइतका टिकत नाही. फांदी हलली, माणसाने पाठ फिरवली, मध्ये चार बिट गेले की पडताळणी चुकते आणि पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. तेही निदान चार उपग्रहांबाबत पार पडायला हवं. मुलं वाट बघत उभी होती ती याच चक्रात.

नेटवर्कची मदत हीच अडचण दूर करते. कोणते उपग्रह डोक्यावर आहेत, त्यांचं इफेमेरिस काय, अंदाजे वेळ किती, अंदाजे जागा कुठली, हे सगळं इंटरनेटवरून क्षणात चिपच्या हाती येतं. मग बिट वाचण्याची गरज उरत नाही, कोड धरला की झालं. अमेरिकेत १९९६ मध्ये आणीबाणीच्या फोनचं ठिकाण कळवण्याचं बंधन मोबाइल कंपन्यांवर आलं, तेव्हापासून या तंत्राला जोर आला. आता ते प्रत्येक फोनमध्ये मुकाट काम करतं, म्हणून ते आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. गटाच्या फोनला सिम नव्हतं, डेटा नव्हता, कित्येक दिवसांत त्याने उपग्रहाचं तोंडही पाहिलं नव्हतं. जुनं इफेमेरिस साधारण चार तासांत शिळं होतं. म्हणजे तो फोन कोऱ्या पाटीने थेट दाट झाडाखाली उभा केला गेला होता. अशा वेळी भल्याभल्या चिपांनाही घाम फुटतो.

हे नुसतं पुस्तकातलं सांगून मुलांना पटलं नसतं, म्हणून जीपीएसटेस्ट हे मोफत ॲप दोन्ही फोनांवर टाकलं आणि आम्ही वाड्याच्या वरच्या सड्यावर गेलो. जांभ्याचा मोकळा कातळ, चारी बाजूंना आकाश. ॲपमध्ये साठवलेली मदत पुसून टाकायची सोय आहे. दोन्ही फोनांतली पुसली, डेटा बंद केला. गटाच्या 'भिकार' फोनने पाऊण मिनिटाच्या आसपास जागा धरली. ॲपच्या यादीत प्रत्येक उपग्रहासमोर इंग्रजी 'ए', 'ई', 'यू' ही अक्षरं उमटतात: आलमनाक आहे, इफेमेरिस आहे, उपग्रह हिशेबात घेतलाय. मुलं ती 'ई' एकेक करून उगवताना बघत होती. दहा मिनिटांच्या स्पष्टीकरणाने जे झालं नसतं ते त्या एका अक्षराने झालं.

मग तोच फोन ॲप चालू ठेवून काजूंखाली आणला. सिग्नलचा आकडा सड्यावर ४० डेसिबल-हर्ट्झच्या वर होता, तो पंचविशी-तिशीत उतरला, पण जागा सुटली नाही. त्रिज्या ७-८ मीटरवर स्थिरावली. सकाळी पिशवीत गेलेला तोच फोन, त्याच झाडाखाली.

चिपचा संबंध कुठे येतो

इथवर वाचून कोणाला वाटेल की चिप कशीही असली तरी चालते, मदत मिळाली की झालं. तसं नाही. मदत जागा लवकर मिळवून देते, आणि क्षीण सिग्नलवरही मिळवून देते. मिळालेली जागा किती अचूक हे मात्र चिप, ॲन्टेना आणि आकाश यांवर ठरतं. या दोन गोष्टींची गल्लत दुकानात फोन विकणारेही करतात, घेणारेही करतात.

चिपचा कस लागला तो खाली ओहोळाच्या काठच्या कुळागरात. नऊपैकी दोन बागायतींची खालची हद्द तिथे उतरते. पोफळी, माड, मध्ये केळी, मिरीचे वेल, आणि दोन्ही अंगांना उभा चढ. आकाश एखाद्या पट्टीएवढं. तिथे गटाचा फोन एका जागी दगडावर ठेवला तरी ठिपका नकाशावर तीस-चाळीस मीटर इकडून तिकडे भटकत होता, आणि भटकत होता तो मुख्यतः दरीला आडवा. हे अपेक्षित होतं. दरीच्या लांबीच्या दिशेला उपग्रह दिसतात, आडव्या दिशेचे डोंगर झाकतात, त्यामुळे आडवं मोजमाप सैल पडतं.

त्यात परावर्तनाची भर. ओल्या कातळावरून, चढावरून आपटून आलेली लहर सरळ लहरीपेक्षा लांबचा रस्ता घेते. नेहमीच्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या एल१वर, कोडाच्या एका तुकड्याची लांबी सुमारे २९३ मीटर, म्हणून साठ मीटर जास्त फिरून आलेली लहर मूळ लहरीत मिसळून जाते आणि चिप फसते. दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, ११७६.४५ मेगाहर्ट्झच्या एल५वर, तोच तुकडा दहापट आखूड, सुमारे २९ मीटरचा. तिथे साठ मीटरची आगंतुक लहर वेगळी ओळखता येते. पहिल्या फोनमध्ये हे होतं, आणि त्याच दगडावर त्याचा ठिपका बराच आवरून, साधारण दहा-बारा मीटरच्या आत राहिला. दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारा जगातला सगळ्यात आधीचा फोन, श्याओमीचा 'मी ८', २०१८ मध्ये बाजारात आला. आता मधल्या किमतीतही ही सोय मिळते. अर्थात जीपीएसचे सगळे उपग्रह एल५वर बोलत नाहीत, २०१० पासून सोडलेल्या पिढ्याच बोलतात. युरोपचे गॅलिलिओ उपग्रह त्याच फ्रिक्वेन्सीवर असल्याने ती उणीव बरीचशी भरून निघते.

नाविक या भारताच्या स्वतःच्या उपग्रह-यंत्रणेची इथे आठवण होते. त्याचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला, पण सुरुवातीची रचना एल५ आणि एस पट्ट्यांची. स्वस्त फोनांच्या चिपा फक्त एल१ ऐकतात, म्हणून ज्यांना आपल्या यंत्रणेचा सर्वाधिक उपयोग व्हायचा त्याच फोनांना ती ऐकू येत नव्हती. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१पासून एल१ची भर पडली. हा निर्णय दहा वर्षं आधी झाला असता तर गटाच्या फोनासारख्या लाखो फोनांना नाविकही ऐकू आला असता, असं मला मनापासून वाटतं.

चिपच्या गुणवत्तेत आणखी एक अंग असतं ते घड्याळाच्या स्फटिकाचं. त्याची चाल दशलक्षात एक भागाने चुकली तर उपग्रहाची फ्रिक्वेन्सी शोधायला १५७५ हर्ट्झची जास्त जागा चाळावी लागते. चांगल्या फोनमध्ये तापमानाप्रमाणे स्वतःला सावरणारा स्फटिक असतो. उन्हात खिशात तापलेल्या स्वस्त फोनला सुरुवात करायला वेळ लागतो, त्यात याचाही वाटा असतो.

आणि ॲन्टेना. तिच्याबद्दल जाहिरातीत कोणी अक्षर लिहीत नाही, पण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. उपग्रहाची लहर गोल फिरत येते, फोनची बारीकशी ॲन्टेना सरळ रेषेतलीच पकडते, म्हणजे निम्मी शक्ती दारातच गेली. उरलेल्यावर हाताचा पंजा येतो. पहिल्या फोनच्या बाबतीत याहून एक ठळक गोष्ट सापडली. सड्यावरसुद्धा त्याचे आकडे त्याच्या लायकीपेक्षा कमी दिसत होते. मुलगा स्कूटरवर चुंबकाचा स्टँड वापरतो, त्यासाठी कव्हरच्या आत, फोनच्या पाठीला लागून, पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी लोखंडी पट्टी बसवलेली होती, आणि ती नेमकी वरच्या कोपऱ्यात. कव्हर काढलं आणि बहुतेक उपग्रहांचे आकडे पाच-सहा डेसिबलने वर गेले. मदतही आहे, चिपही चांगली आहे, आणि वर लोखंड ठेवलंय, असा प्रकार. नवा फोन घ्यायचा विचार करणाऱ्यांनी आधी कव्हर काढून बघावं.

नोंदी पुन्हा कशा घेतल्या

फॉर्ममध्ये दोन बदल केले. फक्त उपग्रहांवरूनच जागा घ्यायची, टॉवरचा अंदाज घ्यायचाच नाही. आणि त्रिज्या १० मीटरच्या आत आल्याशिवाय नोंद स्वीकारायची नाही; आकडा मोठ्या अक्षरांत समोर दिसेल असा ठेवायचा. दुसरा बदल मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. आकडा डोळ्यांसमोर असता तर १८०० बघून मुलं त्याच क्षणी थांबली असती.

निघायच्या आधी केरीत, जिथे डेटा नीट चालतो तिथे, दोन्ही फोन अंगणात मोकळ्या आकाशाखाली ठेवायचे. गटाच्या फोनला दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवरून नेट द्यायचं आणि ॲपमधून पुढच्या दिवसांच्या कक्षांचा अंदाज उतरवून घ्यायचा. हा अंदाज ताज्या इफेमेरिसइतका नेमका नसतो, पण काही दिवस टिकतो आणि सुरुवात करून द्यायला पुरतो. मग जागा धरलेली असतानाच रानात शिरायचं. उपग्रह मावळतात, नवे उगवतात, त्यामुळे दुपारी डबा खायला सड्यावर बसलं की फोनही उघड्यावर ठेवायचे, म्हणजे नव्यांचं इफेमेरिस थेट आकाशातून भरून निघतं. फोन छातीशी धरायचा नाही; हद्दीच्या दगडावर किंवा काठीच्या टोकाला ठेवायचा आणि ठिपका स्थिरावला की नोंद घ्यायची.

पडताळणीसाठी वाड्यावरची उघडी पंपाची खोली धरली. उपग्रहाच्या चित्रात तिचा सिमेंटचा चौकोन स्वच्छ दिसतो. रोज काम सुरू करताना आणि संपवताना दोन्ही फोनांवर तिच्या कोपऱ्याची नोंद घेतली. गटाचा फोन त्या कोपऱ्याच्या चार-सहा मीटर आत-बाहेर राहिला, पहिला दोन-तीन मीटरच्या. सेंद्रिय प्रमाणीकरणाला एवढं पुरतं. हद्दीचा तंटा सोडवायला हे दोन्ही फोन चालणार नाहीत, आणि तसं मुलांनी प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. काकींना त्यांच्या बागायतीचा ठिपका खोपीच्या शेजारी दाखवला, तेव्हा त्यांनी आधी त्रिज्येचा आकडा विचारला.

सात बागायती पूर्ण झाल्या. कुळागरात उतरणाऱ्या दोघांची वरची हद्द फोनवर घेतली आहे. खालच्या हद्दीला पहिला फोनही दहाच्या आत सलग राहत नाही. तिथे ओहोळावरच्या साकवाजवळ आकाश थोडं उघडं आहे. त्या जागेची नोंद पहिल्या फोनवर घ्यायची आणि तिथून पोफळींच्या रांगेने टेप आणि होकायंत्र लावून कोपरे काढायचे, असं ठरलं आहे. टेप शंभर फुटी आहे, धरायला दोघं लागतील, आणि दोन्ही घरांनी आपापला माणूस द्यायचं कबूल केलं आहे.